दधीचीच्या अस्थी, 35 मिलिमीटरच्या कांस्यात

परमवीर चक्र मोठं असेल असं वाटतं, पण ते तसं नाही. व्यास 1⅜ इंच, म्हणजे 34.9 मिलिमीटर. आजच्या दहा रुपयांच्या नाण्याहून जेमतेम आठ मिलिमीटर जास्त. धातू सोनं नाही, चांदीही नाही, कांस्य. मधोमध उठावातली राजमुद्रा, खाली बोधवाक्य, भोवती इंद्राची चार वज्रं. पाठीमागे 'परमवीर चक्र' ही अक्षरं हिंदीत आणि इंग्रजीत, दोन्हींच्या मध्ये कमळाची दोन फुलं. वर फिरती कडी आणि सव्वा इंच रुंदीची जांभळी फीत. फितीवर रेघ नाही, नक्षी नाही.

हे चक्र आखलं सावित्रीबाई विक्रम खानोलकर यांनी. माहेरचं नाव ईव्ह इव्होन मादाय दे मारोस, जन्म 20 जुलै 1913, गाव स्वित्झर्लंडमधलं नशातेल. एवढी माहिती बहुतेकांच्या कानावरून गेलेली असते, आणि ती सांगताना सूर ठरलेला असतो: बघा, आपलं सर्वोच्च लष्करी पदक एका परदेशी बाईने घडवलं! त्या आश्चर्यापाशीच गोष्ट थांबते. खरा प्रश्न पुढे आहे. लष्करी मुख्यालयाने हे काम एका अधिकाऱ्याच्या बायकोकडे का सोपवलं, आणि तिने जे काढून दिलं ते तिच्याजवळ आलं कुठून? उत्तर तिच्या संसारात आणि तिच्या पोथ्यांत सापडतं. चित्रकलेचा वाटा त्यामानाने लहान आहे.

स्विस म्हणजे किती स्विस

वडील आंद्रे दे मादाय हे हंगेरियन, समाजशास्त्राचे प्राध्यापक. आई रशियन. त्यामुळे 'स्विस' हा शब्द इथे जन्म आणि वाढ एवढ्यापुरता घ्यावा. स्वित्झर्लंडमध्ये नुसतं जन्मल्याने नागरिकत्व मिळत नाही. तिथे ते गावच्या पंचायतीशी बांधलेलं असतं आणि त्या काळी बापाकडून मुलांकडे यायचं. परदेशी दाम्पत्याचं मूल तिथल्या शाळेत, तिथल्या भाषेत वाढूनही कागदावर परकंच राहू शकत असे.

ईव्हची वाढ जिनिव्हात झाली. राष्ट्रसंघाचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेचं, मुख्यालय 1920 पासून त्याच शहरात, आणि वडिलांचा संबंध राष्ट्रसंघाच्या ग्रंथालयाशी होता. नव्या बालशिक्षणाचं केंद्र असलेली रूसो संस्था तिथेच 1912 साली निघालेली. आई तिथे शिकवत असे. घर पुस्तकांचं, भाषा फ्रेंच, आणि आईबापांच्या मुळांच्या आणखी दोन भाषा पाठीशी. अशा घरातली मुलगी पुढे उपनिषदं मुळातून वाचायला बसली, यात धक्का बसण्यासारखं काही नाही. मूळ ग्रंथ उघडून बघायची सवय माहेरचीच.

एक गंमत मात्र नोंदवायला हवी. स्वित्झर्लंडमध्ये शौर्यपदकं नाहीत. 1848 च्या राज्यघटनेने सरकारी पदावरच्या माणसांना परक्या राजांकडून मानचिन्हं आणि पदव्या घ्यायला बंदी घातली, आणि स्वतःची मानचिन्हं देण्याची प्रथा त्या देशाने पाडलीच नाही. म्हणजे छातीवर पदक लावायची परंपराच नसलेल्या देशात वाढलेल्या मुलीने दुसऱ्या देशाची पदकमाला आखली. तिच्यापुढे स्वतःच्या देशाचा कित्ता नव्हताच.

शामोनी ते लखनऊ

विक्रम रामजी खानोलकर हे मराठी तरुण सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत शिकत होते. देहराडूनची अकादमी 1932 साली सुरू झाली, तोवर पूर्ण दर्जाचं कमिशन हवं असलेल्या हिंदी तरुणाला इंग्लंडला जावंच लागे. सुटीत ते आल्प्समध्ये आले आणि 1929 साली शामोनीत त्यांची आणि ईव्हची गाठ पडली. ती तेव्हा सोळाच्या आसपास. वडिलांनी लग्नाला नकार दिला. तीनेक वर्षांनी ती त्यांच्यामागे हिंदुस्थानात आली, 1932 साली लखनऊला लग्न झालं आणि नाव सावित्री ठेवलं.

आडनावात कोकण आहे. खानोली हे वेंगुर्ले तालुक्यातलं गाव, खानोलकर त्यावरून. नावात सत्यवानाची सावित्री आहे, नवऱ्यामागे यमाच्या दारापर्यंत चालत गेलेली. ते नाव कोणी सुचवलं हा मुद्दा बाजूला ठेवला, तरी जिनिव्हाहून लखनऊपर्यंत आलेल्या मुलीला ते अंगचं वाटलं असेल.

सुनेचा अभ्यास

परदेशी सुनेचं कौतुक आपल्याकडे ठरलेल्या पायऱ्यांनी होतं. साडी नेसली, कुंकू लावलं, पुरणपोळी जमली, की 'अगदी आपल्यातली झाली' म्हणून मोकळं व्हायचं. सावित्रीबाईंनी ते केलंच. हिंदू धर्म स्वीकारला, शाकाहार धरला, सुती साड्या नेसल्या. लष्करी अधिकाऱ्याच्या घरी शाकाहार पाळणं हे घरच्या स्वयंपाकापुरतं मर्यादित राहत नाही. दर बदलीनंतर नवं मेस, नवे वरिष्ठ, नवी जेवणावळ, आणि प्रत्येक टेबलावर पुन्हा तेच सांगणं.

पण त्यांचं वेगळेपण भाषेत आहे. मराठी आणि हिंदी बोलून येते. संस्कृत नुसती बोलून येत नाही, ती बसून शिकावी लागते. फ्रेंचमध्ये नामाला विभक्ती प्रत्यय नसतात, शब्दयोगी अव्ययांनी काम भागतं. संस्कृतात एका नामाच्या आठ विभक्ती आणि तीन वचनं, म्हणजे चोवीस जागा. द्विवचन ही तर फ्रेंच डोक्याला नवीच गोष्ट. लिंगं फ्रेंचमध्ये दोन, इथे तीन. हे ओलांडल्याशिवाय 'वज्र' या शब्दाची मूळ जागा स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येत नाही, कोणाच्या तरी इंग्रजी भाषांतरावर अवलंबून राहावं लागतं.

नवऱ्याची बदली पाटण्याला झाली तेव्हा त्यांनी पाटणा विद्यापीठात नाव घातलं आणि संस्कृत नाटक, वेदान्त, उपनिषदं यांचा रीतसर अभ्यास केला. चित्रकला, संगीत चालूच होतं. नृत्य त्या उदय शंकर यांच्याकडे शिकल्या. 'मला परदेशी म्हणू नका, माझा जन्म चुकून युरोपात झाला' अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं ठिकठिकाणी सांगितलं जातं. वाक्य छान आहे, पण ते ऐकून कोणी पदकाचं काम दिलं नसतं. काम मिळालं ते त्यामागच्या वाचनावर.

अटल यांच्यापुढची अडचण

ऑगस्ट 1947 मध्ये देश स्वतंत्र झाला आणि ऑक्टोबरमध्ये काश्मीरची लढाई पेटली. जवान पराक्रम करत होते, पण त्यांना द्यायला स्वतःचं पदकच नव्हतं. व्हिक्टोरिया क्रॉस ब्रिटिश मुकुटाचा. दुसरी गाठ घटनेची. 26 जानेवारी 1950 पर्यंत भारत हे अधिराज्य होतं, राजा सहावा जॉर्ज. नवं मानचिन्ह काढायचं तर त्याची सनद राजाच्या नावाने निघणार. ज्या राजवटीतून सुटलो तिच्याच सहीने परमवीर ठरवायचा, हे कोणाला रुचणार होतं?

म्हणून तयारी आधी झाली आणि घोषणा थांबवून ठेवली गेली. पदकं जाहीर झाली ती प्रजासत्ताकाच्या पहिल्या दिवशी, राष्ट्रपतींच्या आदेशाने, आणि लागू केली गेली 15 ऑगस्ट 1947 पासून. मागच्या तारखेने लागू करण्यात नवल नव्हतं. व्हिक्टोरिया क्रॉसही 1856 साली काढून क्रिमियाच्या लढाईसाठी 1854 पासून लागू केला होता.

पदकांचं काम मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे होतं. स्वतंत्र भारताचे ते पहिले अॅडज्युटंट जनरल, म्हणजे सैन्यातल्या मनुष्यबळाचा कारभार बघणारे वरिष्ठ अधिकारी. खानोलकर दाम्पत्य त्यांच्या ओळखीतलं. आखणीकडे नीट पाहिलं की अटलांना काय हवं असणार ते उलगडत जातं. क्रॉसचा आकार चालणार नव्हता. राजाचा मुखवटा नको. बंदूक, तोफ, रणगाडा कोरला तर वीस वर्षांत तो जुनाट दिसणार. देवाची मूर्ती कोरली तर ती एकाच पंथाची होणार. आणि जे काही असेल ते 35 मिलिमीटरमध्ये, राजमुद्रेला मधली जागा देऊन, बसायला हवं. शिवाय फितीवर लटकताना पदक हलतं, तिरकं होतं. तेव्हाही ते ओळखू यायला हवं.

धातूंची उतरंड बघा. सर्वोच्च पदक कांस्याचं, त्याखालचं महावीर चक्र आणि वीर चक्र चांदीचं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं आणि शाळेच्या प्रश्नमंजुषेत इथे हमखास गुण जातात. खेळांतल्या पदकांची सवय इथे नडते. व्हिक्टोरिया क्रॉसही कांस्याचा आहे. परम पराक्रमाची किंमत धातूत मोजायची नाही, असा तो पायंडा, आणि तो इथे जाणीवपूर्वक ठेवलेला दिसतो.

वज्रच का

दधीचीची गोष्ट बहुतेकांना पुराणातली माहीत असते. वृत्र कोणत्याच शस्त्राने मरेना. इंद्र विष्णूकडे गेला. विष्णूने सांगितलं, दधीची ऋषींकडे जा आणि त्यांचं शरीर माग. ऋषींनी देह ठेवला, त्यांच्या अस्थींचं वज्र घडलं, वृत्र मेला. भागवताच्या सहाव्या स्कंधात ही कथा सविस्तर आहे. पण तिचं मूळ याहून बरंच जुनं आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात, चौऱ्याऐंशीव्या सूक्तात, इंद्राने दधीचीच्या अस्थींनी नव्याण्णव वृत्रांना मारल्याचा उल्लेख येतो. तिथे एकच ओळ आहे, पुढे पुराणांनी तिची कथा केली.

दुसरी कुठली शस्त्रं शक्य होती? सुदर्शन चक्र घ्या. ते सुटतं, शत्रूला मारतं आणि फेकणाऱ्याच्या बोटावर परत येतं. फेकणाऱ्याचं काही जात नाही. त्रिशूळ शैवांचा. गांडीव अर्जुनाचं, पण ते अग्नीने वरुणाकडून आणून दिलेलं. वज्राचं तसं नाही. ते मिळावं म्हणून कोणालातरी आधी स्वतःची हाडं द्यावी लागतात. वज्र चालवतो इंद्र, पण ते ज्याचं आहे तो युद्धात नसतोच, तो आधीच गेलेला असतो. आजवरच्या 21 परमवीर चक्रांपैकी 14 मरणोत्तर आहेत. हे आकडे आखणी करताना कोणाला माहीत असणं शक्य नव्हतं, पण दधीची निवडणारीला पदकाचा स्वभाव कळला होता.

दुसरं शहाणपण दधीचीला न दाखवण्यात आहे. चक्रावर ऋषी नाही, इंद्र नाही, फक्त शस्त्र आहे. वज्र बौद्धांनाही आपलं, आणि मराठी बोलणाऱ्याला तर वज्रमूठ, वज्रलेप असे शब्द रोजचे. त्यामुळे हे पदक करमसिंगांच्या छातीवर शोभलं, अब्दुल हमीदांच्या नावाने दिलं गेलं, पारशी अर्देशीर तारापोरांच्या आणि ख्रिस्ती अल्बर्ट एक्कांच्या नावानेही. कोणाच्या घरच्यांना हे चिन्ह परकं वाटलं नाही. वेदान्ताचा अभ्यास असलेल्या माणसाला मूर्तीपेक्षा चिन्ह जवळचं वाटावं, हेही स्वाभाविकच.

आता आकड्यांचं बघू. पदकाची त्रिज्या साडेसतरा मिलिमीटर. मुद्रेची जागा आणि काठ वजा केला तर एका वज्राला अंदाजे दहा मिलिमीटर उरतात. एवढ्या जागेत बारीक कोरीवकाम केलं तर चार हातांवरून ते नुसतं खरबरीत दिसेल. वज्राचा बाह्याकार मात्र सोपा आहे: मध्ये मूठ, दोन्ही टोकांना मिटलेल्या पाकळ्यांसारखी दाती. तो सावलीवरूनही ओळखता येतो. आणि चार वज्रं मुद्रेभोवती समान अंतरावर मांडली की चक्र थोडं कलंडलं तरी तोल जात नाही. एकच उभं वज्र असतं, तर कडी फिरताच ते पडल्यासारखं दिसलं असतं.

एखाद्याला हे चक्र दुसऱ्यांदा मिळालं तर नवं पदक न देता फितीवर पट्टी द्यायची, तिथेही खूण छोट्या वज्राचीच. ती अजून कोणाला लागलेली नाही.

बाकीची मालिका याच हाताची. महावीर चक्रावर पाच टोकांचा तारा आणि मधल्या घुमटावर सोनेरी मुलामा दिलेली राजमुद्रा, फीत अर्धी पांढरी अर्धी केशरी. वीर चक्राची फीत अर्धी गडद निळी अर्धी केशरी. अशोक चक्रावर कमळांच्या माळेत धम्मचक्र, हिरव्या फितीला मधोमध केशरी रेघ. ते 1952 साली तीन वर्गांत निघालं. कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र ही दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाची नावं 1967 पासूनची.

1952 नंतर

मेजर जनरल विक्रम खानोलकर 1952 साली गेले. सावित्रीबाई तेव्हा चाळिशीलाही पोचल्या नव्हत्या. पदरी दोन मुली. माहेरी परतायचा रस्ता उघडा असूनही त्या इथेच राहिल्या. फाळणीत घरदार गमावून आलेल्यांसाठी आणि कामी आलेल्या सैनिकांच्या कुटुंबांसाठी त्या काम करत आल्या होत्या, त्याला आता साधनेची जोड अधिक घट्ट झाली. रामकृष्ण मठाचा आधार त्यांनी घेतला.

यात तुटकपणा दिसत नाही. पाटण्याला वेदान्त शिकलेल्या बाईने रामकृष्णांच्या परंपरेकडे वळणं ही त्याच वाटेची पुढची पायरी. आणि तरी सासरची भाषा सुटली नाही. महाराष्ट्रातल्या संतांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ज्यांना मराठी येत नाही त्यांच्यासाठी ज्ञानोबा-तुकोबांची ओळख एका फ्रेंच मायबोलीच्या सुनेने करून दिली. पदकांइतकी या कामाची चर्चा होत नाही, हे आपलं दुर्लक्ष. 26 नोव्हेंबर 1990 ला, वयाच्या 77 व्या वर्षी त्या गेल्या.

सांगताना कुठे चुकतं

शाळेचा फलक असो, व्याख्यान असो, सावित्रीबाईंबद्दल सांगताना त्याच त्या चुका होत राहतात.

पहिली चूक शामोनीची. ते स्वित्झर्लंडमध्ये असल्याचं सर्रास सांगतात. ते फ्रान्समध्ये आहे, 1924 चे पहिले हिवाळी ऑलिम्पिक भरले तेच. जिनिव्हाहून जवळ असल्याने घोटाळा होतो.

दुसरी चूक भवानी तलवारीची. वज्राच्या दोन्ही बाजूंना शिवछत्रपतींची तलवार कोरली आहे असं फार ठिकाणी लिहिलेलं आढळतं, आणि मराठी माणसाला ते आवडतंही. पदकाच्या अधिकृत वर्णनात तलवार नाही. तिथे चार वज्रं, राजमुद्रा आणि मागची कमळं एवढंच आहे. फोटो मोठा करून बघितला तरी खात्री पटते. महाराष्ट्राची सून म्हटल्यावर तलवार यायलाच हवी, या हौसेपोटी ती गोष्टीत शिरली असावी.

तिसरी चूक तारखेची. चक्र 1947 साली सुरू झालं असं लिहितात. सुरू झालं 1950 मध्ये, लागू झालं 1947 पासून. या दोन क्रियापदांत गल्लत झाली की पुढचं सगळं बिघडतं.

चौथी चूक नात्याची, आणि ती सगळ्यांत हट्टी. पहिलं परमवीर चक्र कुमाऊँ रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनच्या मेजर सोमनाथ शर्मांना, मरणोत्तर. 3 नोव्हेंबर 1947 ला बडगाममध्ये, डावा हात प्लास्टरमध्ये असताना, ते जवानांना काडतुसं भरून देत एका खंदकातून दुसऱ्या खंदकात फिरत राहिले आणि तिथेच पडले. त्यांचे धाकटे भाऊ सुरिंदरनाथ पुढे लेफ्टनंट जनरल झाले, आणि सावित्रीबाईंची थोरली मुलगी या सुरिंदरनाथांची पत्नी. सगळ्यांत धाकटे विश्वनाथ 1988 ते 1990 या काळात लष्करप्रमुख होते.

यावरून कोणी 'सासूने जावयासाठी पदक बनवलं' असं लिहितं, कोणी सोमनाथांना मेहुणा करून टाकतं. साधा हिशेब घातला तरी पुरे. लग्न 1932 चं, म्हणजे बडगामच्या दिवशी थोरली लेक फार तर पंधरा वर्षांची असणार. ती सोयरीक तेव्हा जुळलेलीच नसेल. चुकीचं मूळ इंग्रजीत आहे. तिथे एकाच शब्दात दीर, मेहुणा, साडू सगळे बसतात, आणि मराठीत आणताना जो हाताला लागेल तो शब्द लावला जातो. मराठीत मात्र नातं नेमकं सांगता येतं. सोमनाथ हे लेकीचे थोरले दीर, आणि सावित्रीबाईंच्या बाजूने म्हणायचं तर व्याह्यांचा मुलगा.